वरची फोडणी

टेंपोची वेळ दहाची होती. पण चाकणच्या चौकात कंटेनरांची रांग लागली की तो साडेअकराला यायचा, आणि रांग रोजच लागायची. येडगेमळ्याच्या शाळेपुढच्या बाभळीखाली कस्तुरा उभी होती. डोक्याला जाळीची टोपी, हातात प्लास्टिकचे पातळ मोजे. आश्विनाचं ऊन असं तापलेलं, की शाळेच्या पत्र्याकडं बघवत नव्हतं. टोपीच्या रबरानं कपाळावर वळ उठला होता आणि वळाखाली घाम चुणचुणत होता.

टेंपो वळला. भैरू शर्टाच्या बाहीनं मान पुसतच खाली उतरला.

"निघोजे फाट्यालाच पाऊण तास गेला, मावशे. इंजिन तापलं, मीबी तापलो."

"आन् खिचडी?"

"तिचं मला नको विचारू. मी नुसता गाडीवान."

दोघांनी मिळून चार डबे उतरवले. चौथ्या डब्याला कस्तुराच्या कमरेत कळ आली, ती तिनं ओठ दाबून गिळली. डब्यांना निळं सील होतं. पहाटे चारला मोठ्या किचनात खिचडी शिजायची आणि कढत असतानाच डब्यात भरून झाकण आवळलं जायचं. पुढचे सात तास ती अंधारात, आपल्याच वाफेत बसून. कस्तुरानं सील तोडलं. झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब खिचडीवर पडले. नाक जवळ न्यायच्या आधीच तिला कळलं. चौदा वर्षं याच शाळेत चूल फुंकलेली बाई ती. तांदूळ किती शिजला हे तिला रटरटीच्या आवाजावरून समजायचं. आंबूस वास समजायला वेळ कसला लागतोय.

फार नव्हती आंबलेली. पण होती.

जूनमध्ये ठेका निघाला होता. पन्नास शाळांना मिळून एक किचन, मशीनवर शिजलेलं, हात न लागलेलं. गावोगावच्या बचत गटांच्या बायकांनी रांधायचं बंद. एका दुपारी दोन माणसं पहार घेऊन आली आणि शाळेमागच्या खोलीतली कस्तुराची चूल फोडून गेली. तिला मात्र ठेवून घेतलं. आता ती वाढपी. कंपनीचा हिरवा एप्रन, मापाची वाटी, आणि एका पोराला एकदाच. बिल पोरांच्या संख्येवर निघायचं, भुकेचा त्यात रकाना नव्हता. पहिल्याच आठवड्यात चौथीतल्या विक्कीनं ताट पुन्हा पुढं केलं होतं आणि ती वाटी वर उचलून तशीच थांबली होती. पोरगं समजून मागं सरलं. तिच्या डोळ्यांपुढून ते मागं सरणं अजून जात नव्हतं.

मग तिनं तिच्यापुरता एक मार्ग काढला. पाण्याच्या टाकीआड तीन दगड मांडले. घरून तेलाची बाटली, लसणाचा गड्डा, पदरात बांधून थोडं तिखट. आजही तिनं काटक्या पेटवल्या, कढई ठेवली. मोहरी तडतडली, ठेचलेला लसूण तांबूस झाला. खिचडीत चिमूटभर खायचा सोडा, आंबटपणा मारायला. गुळाचा खडा. वरून ती फोडणी ओतली तसा चुर्र आवाज झाला आणि वर्गातला पाढ्यांचा सूर एकदम ढासळला. पोरांना वास लागला होता.

भिंतीवर कंपनीचा फलक होता: अन्नात कोणताही बदल करू नये. जयमालाबाई, शाळेच्या मुख्याध्यापिका, त्या वेळेला नेमक्या हजेरीपट घेऊन आत जायच्या.

वाढण्याआधी एका पालकानं घास घ्यायचा आणि चवीच्या वहीत लिहून सही करायची, हा नियम जुना. पूर्वी त्यासाठी बायका हसतखिदळत यायच्या, कस्तुराला मीठ कमी म्हणून चिडवायच्या. आता या महिन्यात कस्तुराची सून स्वप्नाली हिची पाळी होती, कारण तिची पिंकी दुसरीत. स्वप्नाली आली, खांद्यावर पाच महिन्यांचं लेकरू झोपलेलं. दूध झिरपून पोलक्यावर ओला डाग पडला होता. तिनं घास घेतला आणि वहीवर पेन नुसतं धरून राहिली.

"लिही की," कस्तुरा म्हणाली.

"काय लिहू, आत्या?"

"रोज लिहितीस तेच."

स्वप्नालीनं 'उत्तम' लिहिलं. सही केली. पेन ठेवताना हळूच म्हणाली, "ही चव तुमची हाय. वहीत नाव त्यांचं लागतंय."

कस्तुरानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पोरं रांगेत येऊन बसली होती आणि ताटं वाजवत होती.

त्याच दुपारी निरंजन आला. कंपनीचा सुपरवायझर, पिंपळे सौदागरला राहणारा, तिशीतला, बोलायला मऊ. गाडी सावलीत लावून त्यानं आधी टाकीवर तोंड धुतलं. टाकीआडच्या दगडांवर त्याची नजर गेली आणि तिथून निघाली, हेही कस्तुरानं पाहिलं.

"मावशी, पेढे द्यायला पाहिजेत तुम्हाला," तो म्हणाला. "पन्नास शाळांत चवीला एक नंबर तुमची शाळा. सगळे शेरे उत्तम. वाया जाणारं अन्न सगळ्यात कमी. वर तुमच्याच वहीचे फोटो दाखवले आम्ही."

"वर म्हंजी?"

"तालुक्याला, जिल्ह्याला. त्यामुळंच तर आता अंगणवाड्या पण आपल्याकडं येतायत. दिवाळीनंतर एक्केचाळीस. त्या डब्यांच्या शेजारी उभ्या राहा जरा. हसा."

कस्तुरा उभी राहिली. हसली पण असेल. फोटो निघाला.

कुंपणापलीकडं कौशल्याबाई उभी होती. पलीकडच्या वस्तीच्या अंगणवाडीत ती वीस वर्षं पोरांना पेज आणि उसळ शिजवून घालत आलेली. कस्तुराबरोबर तिनं गट काढला, दोघींनी मिळून पहिली मोठी पातेली घेतली. निरंजन गेला तरी ती तिथंच.

"एक्केचाळीसात माझी बी हाय," ती म्हणाली.

कस्तुरा कढई घासत होती. हात थांबला.

"तुझ्या लसणानं माझी चूल मोडली, कस्तुरे."

"मी पोरांसाठी केलं गं. आंबलेलं कसं घालू?"

"म्हणून तर. फोडणी न देतीस तर बोंब झाली असती. पोरांनी ताटं टाकली असती, आयांनी शाळा गाठली असती. तू झाकलंस. आता ह्यांच्या खिचडीला बक्षीस मिळू दे आन् आमी दिवाळीपास्नं कंपनीची संडासं धुवायला जातो." तिनं पदर खोचला. "तोंड बघ तुझं. फोटोत चांगलं आलं आसंल."

ती गेली. कढईच्या बुडाला लागलेला लसणाचा काळा तुकडा कस्तुरा नखानं खरवडत बसली. निघाला तरी खरवडत राहिली.

घरी तिचा नवरा खंडू ओट्यावर पाय पसरून बसला होता. जमीन कंपन्यांत गेल्यापासून तो गेटवर वॉचमन होता. गुडघा गेल्यावर तेही सुटलं. मुलगा धनेश सकाळपासून घरात. कारखान्यात तो ठेकेदाराकडून लागलेला, आणि दर सात महिन्यांनी ठेकेदार पोरांना ब्रेक देऊन घरी बसवायचा. आज मात्र तो खुशीत होता.

"आई, निरंजनसरांचा फोन आलता. नवीन अंगणवाड्यांसाठी दोन टेंपो वाढणार. एकावर मला घेतो म्हणाले. कायम."

खंडूनं मान डोलावली. "चांगलं झालं. शिफ्ट न्हाई, ब्रेक न्हाई."

स्वप्नाली भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज मध्येच थांबला. "आन् त्या टेंपोत घालून काय नेणार तुमी? कौशल्यामावशीच्या अंगणवाडीतल्या पोरांना?"

"तुला काय करायचंय? गाडी चालवायची, डबे टाकायचे."

"पिंकीचं पोट दोन दिस कशानं बिघडलं होतं, ठाव हाय?"

"पेरूनं," कस्तुरा पटकन म्हणाली. म्हणाली आणि खाली बघितलं. त्या दिवशी खिचडी जास्तच उतरली होती. तिनं वरचा थर काढून टाकला होता, सोडा जरा जास्त घातला होता. वर्गातली आणखी दोन पोरं दुसऱ्या दिवशी आली नव्हती. पेरू हा शब्द तिनंच आधी काढला होता आणि मग तो सगळ्यांनी धरला.

स्वप्नालीनं तवा उतरवला. जालन्याकडची पोर, नऊ वर्षांत सासूपुढं कधी आवाज चढवला नव्हता. आत्ताही चढवला नाही. "आत्या, मी रोज सही करते. काहून करते? तुमची वाढप्याची नोकरी जाऊ नये म्हणून. तुमी रोज फोडणी देता. काहून? पोरांच्या पोटात चार घास जावे म्हणून. दोघींचं मन चांगलंच हाय. आन् दोघींनी मिळून लेकराचं पोट बिघडवलं."

"सासूला बोलतीस?" धनेश म्हणाला.

"स्वतःलाबी बोलते."

कस्तुरा उठून बाहेर गेली. अंगणात पिंकी छोट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती आणि त्याच्या तोंडाशी रिकामी वाटी धरून खोटं खोटं भरवत होती. "एकदाच हां," ती त्याला दटावत होती. "दुसऱ्यांदा मागायचं नाही. नियम आहे."

हे पोरीला कुणी शिकवलं हे विचारायची गरज नव्हती. तिनं रोज चौसष्ट पोरांना तेच शिकवलं होतं, वाटी हातात धरून.

ती पिंकीजवळ बसली. आत ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "धनेश, टेंपोचं तू तुझं बघ. मी उद्यापास्नं तेलाला हात लावणार न्हाई."

मग भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा जोरात.

दुसऱ्या दिवशी टेंपो पावणेबाराला आला. भैरूनं डबे उतरवले. कस्तुरानं सील तोडलं, झाकण काढलं आणि ती मागं सरली. टाकीकडं गेली नाही. दगड गार पडून होते.

वर्गातून पोरांच्या माना वळायला लागल्या. रोजचा वास येत नव्हता.

स्वप्नाली लेकराला घेऊन आली. तिनं टाकीकडं बघितलं, सासूकडं बघितलं. चमचा घेतला. घास तोंडात गेला तसा तिचा चेहरा आक्रसला. तिनं तो बाजूला थुंकला, चूळ भरली.

"आता लिही," कस्तुरा म्हणाली. "जिभंला लागलं ते."

स्वप्नालीनं लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. "खिचडी आंबलेली. वास येतो. मुलांना देण्यासारखी नाही." सही केली. मग पेन सासूपुढं धरलं. "तुमीबी चव घ्या. दोन सह्या राहू द्या."

कस्तुरा सही करायची ती मोठ्या अक्षरात, एकेक काना मोजून. तिनं घास घेतला, गिळला, आणि सही केली.

जयमालाबाई दारात येऊन उभ्या होत्या. तोंड उतरलेलं. "कस्तुराबाई, काय केलंत हे? मला एकच्या आत ॲपवर भरावं लागतं. आहार दिला: होय की नाही. नाही दाबलं की लाल होतं. लाल झालं की मला नोटीस. गेल्या वर्षी शौचालयाच्या लाल खुणेवरून माझी वेतनवाढ सहा महिने अडली होती."

"बाई, तुमी खाऊन बघा."

"मला खाऊन बघायची गरज नाही. मला रोज माहीत असतं." बोलून गेल्यावर त्यांनीच खालचा ओठ दातात धरला.

साडेबाराची घंटा झाली. चौसष्ट पोरं ताटं घेऊन व्हरांड्यात ओळीनं बसली. हात धुतलेले, बोटांवरून पाणी निथळतंय. निम्मी पोरं कंपन्यांत कामाला आलेल्यांची, बीड-लातूरकडची. त्यांच्या आया सकाळी सातच्या शिफ्टला गेलेल्या आणि पोरं चहात बिस्कीट बुडवून शाळेला आलेली. कस्तुरा त्यांच्यापुढं रिकाम्या हातानं उभी राहिली. चौदा वर्षांत अशी पहिल्यांदा.

"आजी, वाढ की," विक्की म्हणाला.

"थांब, बाळा."

"लई भूक लागलीय."

"ठाव हाय मला."

पाच मिनिटं गेली. पहिलीतली एक मुलगी रडायला लागली, तिचं बघून दुसरी. कस्तुराचे हात आपोआप डब्याकडं जात होते, ते तिनं एप्रनमध्ये गुंडाळून ठेवले. एका कढईभर तेलानं हे सगळं थांबलं असतं. पाच मिनिटांचं काम. तेल घरी होतं, लसूण घरी होता, घर हाकेच्या अंतरावर.

स्वप्नाली म्हणाली, "आत्या, मी वस्तीत फिरून भाकऱ्या गोळा करू?"

"कर. पर बाईंनी 'नाही' दाबल्याबिगर एक घास वाढायचा न्हाई. न्हाईतर आपली भाकरी बी त्यांच्याच नावावर जाती. पोरं जेवली, एवढंच लिहितील."

लेकराला कस्तुराच्या कडेवर देऊन स्वप्नाली गेली. लेकरू जागं झालं, आजीच्या टोपीचं रबर ओढायला लागलं. तिनं टोपी काढून त्याच्याच हातात दिली.

निरंजन आला तो घाईत. भैरूनं फोन केला असणार. हातात कोपऱ्यावरच्या दुकानातली पिशवी होती. तिच्यात तेलाचं पाकीट आणि लसणाचे दोन गड्डे. कस्तुरा त्या पिशवीकडं बघत राहिली.

"म्हंजी तुमाला ठाव व्हतं," ती म्हणाली.

"मावशी, ते सगळं नंतर बोलू. मुलं भुकेली आहेत. द्या ना पटकन फोडणी. यापुढं तेल आम्ही पुरवू, तुम्ही घरचं कशाला वापरता?"

"कधीपास्नं ठाव हाय?"

त्यानं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "जुलैपासून. इतर शाळांत तक्रारी येत होत्या, इथं एकही नाही. मी चौकशी केली. वर कळवलं नाही, तुमची नोकरी गेली असती. उपकारच केले म्हणा ना."

"उपकार."

"आणि धनेशचं काम मी बोलून ठेवलंय. हे बघा, रस्ता माझ्या हातात नाही, किचन माझ्या हातात नाही. माझ्या हातात पन्नास शाळांचे शेरे. एक लाल झाला की माझं टार्गेट जातं. मलाही घर आहे, मावशी, हप्ते आहेत."

"जेवलाय का तुमी?"

तो गोंधळला. "नाही. डबा गाडीत आहे."

कस्तुरानं लेकराला जयमालाबाईंकडं दिलं. एक ताट घेतलं, मापाची वाटी भरून खिचडी वाढली, पाण्याचा तांब्या शेजारी ठेवला. "बसा. वाढायचंच काम हाय माझं. तेल तुमचं, लसूण तुमचा, खिचडी तुमची. जेवा. तुमी ही वाटी संपवली की मी पोरांना वाढती. फोडणीबिगर."

चौसष्ट पोरं बघत होती. निरंजननं इकडंतिकडं पाहिलं. त्याला वाटलं असतं तर तो निघून जाऊ शकला असता, पण तसं न जाता तो खरोखर बसला, मांडी घालून, कडक पँटीत. पहिला घास त्यानं न चावता गिळला. दुसरा तोंडातच राहिला. तांब्या तोंडाला लावून त्यानं तो पाण्याबरोबर ढकलला आणि ताट बाजूला सरकवलं. कपाळावर घाम आला होता.

"पोरांनी किती घास खावं, सांगा," कस्तुरा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "जुलैपास्नं तुमाला ठाव. मला बी ठाव. ह्या बाईंना ठाव. ठाव नव्हतं ते ह्यांनाच." तिनं ओळीकडं हात केला.

जयमालाबाईंच्या खांद्यावर लेकरू डोकं टेकून पडलं होतं. एका हातानं त्याची पाठ सावरत त्यांनी दुसऱ्या हातानं फोन काढला. अंगठा बराच वेळ काचेवर फिरत राहिला.

"बाई, एक मिनिट थांबा," निरंजन उठत म्हणाला. "अंगणवाड्यांचा करार व्हायचाय या आठवड्यात. आत्ता लाल झालं तर सगळंच थांबेल."

"हो का," जयमालाबाई म्हणाल्या, आणि 'नाही'वर अंगठा दाबला. "कारण विचारतंय. काय लिहू, कस्तुराबाई?"

"वहीत लिहिलंय तेच. फोटो बी टाका वहीचा. पहिले फोटो वर पोचले, ह्योबी पोचू द्या."

फोटो गेला. वर लाल ठिपका उमटला. बाईंनी तो कस्तुराला दाखवला, जणू एखाद्या पोरानं काढलेलं चित्र दाखवावं तसा.

स्वप्नाली कुंपणापाशी केव्हाची उभी होती. डोक्यावर पाटी, पाटीत फडक्याखाली भाकऱ्या. मागं पाच-सहा बायका. कुणाच्या हातात पिठल्याचं भगुलं, कुणाकडं ठेचा, एकीकडं नुसता कांदा आणि शेंगदाणे. सगळ्यात शेवटी कौशल्याबाई, उसळीचं पातेलं दोन्ही हातांत धरून. कालचा राग अजून तोंडावर होता. तिनं पातेलं कस्तुराच्या पुढ्यात आपटल्यासारखं ठेवलं.

"मीठ बघ," ती म्हणाली. "तुला लई कळतंय."

कस्तुरानं बोट बुडवून बघितलं. "कमी हाय."

"हायच कमी. घाईत केलीया."

पोरांना अर्धी अर्धी भाकरी आली, कुणाला जास्त, कुणाला कमी. कोरडं होतं, काही पोरांना ठेचा झोंबला. कस्तुरा वाकून वाढत गेली; मोजे केव्हाच काढून टाकले होते. विक्कीनं उसळ संपवून ताट जरासं पुढं केलं आणि तिच्याकडं न बघता मागं ओढलं. तिनं ते धरलं. डाव भरून ओतला. पुन्हा भरून ओतला.

निरंजन गाडीपाशी उभा राहून फोनवर कुणाचं तरी ऐकून घेत होता. "हो सर. नाही सर. मी खाल्ली सर," एवढंच इकडं ऐकू येत होतं. फोन संपल्यावर त्यानं गाडीचं दार उघडलं नाही. कस्तुरानं अर्ध्या भाकरीवर पिठलं घातलं आणि नेऊन त्याच्या हातात दिलं.

"मावशी, तुमचं काही खरं नाही आता," तो भाकरीकडं बघत म्हणाला.

"खावा आधी. तोंडाची चव गेली आसंल."

भैरूनं डबे जसेच्या तसे टेंपोत चढवले. निघायच्या आधी कस्तुरानं वही पुढं धरून चारही डबे परत नेल्याची त्याची सहीही घेतली. भैरूनं ती हसत हसत केली.

संध्याकाळी धनेश जेवायला बसला तेव्हा ताटाकडं बघूनच बोलला. "टेंपो गेला माझा."

"व्हय," कस्तुरा म्हणाली.

"मला विचारायचं तरी."

"इचारलं असतं तर तू नको म्हणला असतास. मंग मला तुझ्याबी इरोधात जावं लागलं असतं."

तो ताटावरून उठला मात्र नाही. खंडू गुडघ्याला तेल चोळता चोळता म्हणाला, "मगाशी जयमालाबाई येऊन गेल्या. शाळेमागच्या खोलीची किल्ली देऊन गेल्या. म्हणल्या, उद्या मला यायला जरा उशीर व्हईल, तवर ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं."

जेवण झाल्यावर धनेश कुठं न सांगता बाहेर पडला आणि तासाभरानं पडीक वीटभट्टीवरच्या पंधरा-वीस विटा ढकलगाड्यावर घालून घेऊन आला. शाळेच्या मागं त्यानं त्या नेऊन टाकल्या. घरी येऊन हात धुतले आणि झोपला. रागात होता तो, अजूनही.

सकाळी सहाला कस्तुरा मागच्या खोलीत होती. खोलीत जळमटं आणि उंदरांच्या लेंड्या, कोपऱ्यात जुन्या चुलीचा फुटका भाग. तिनं झाडून काढलं, विटा मांडल्या, मातीचा गारा केला. कौशल्याबाई आली, तिनं गाऱ्यात हात घातला. दोघी चूल लिंपू लागल्या. एकेक बाई येत होती आणि दारातल्या घमेल्यात शेर-अर्धा शेर तांदूळ, ओंजळभर मूगडाळ टाकून शिफ्टला पळत होती. किती दिवस असं चालणार, तालुक्याहून कोण येणार, काय म्हणणार, यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं. तरी घमेलं भरत आलं.

स्वप्नाली लेकराला पदराखाली पाजत दारात बसली होती. शेजारी ठेवलेला कस्तुराचा फोन थरथरला. तिनं उचलला.

"आत्या, कंपनीचा मेसेज."

"वाच."

"नियमभंग केल्याबद्दल आपली सेवा आजपासून समाप्त करण्यात येत आहे. एप्रन, टोपी आणि मापाची वाटी दोन दिवसांत जमा करावी." ती थांबली. "बस, एवढंच."

कस्तुरा चुलीच्या तोंडावरून ओला हात फिरवत होती. एका जागी भेग राहिली होती, तिथं तिनं बोटानं गारा दाबला, पुन्हा दाबला. मग बसल्या बसल्याच मागं वळून सुनेकडं बघितलं.

"वाचून झालं?"

"झालं."

"मंग पोराला टाक खाली अन् तांदूळ निवडाय घे. साडेबाराला पोरं बसत्यात."